रुग्ण वाढले आणि दर घटला, दोन्ही खरं कसं?

प्रश्न असा आहे: एका कर्करोग नोंदणीचे वीस वर्षांच्या अंतराने निघालेले दोन अहवाल समोर आहेत. डोके व मान या गटातले रुग्ण या काळात ३५ टक्क्यांनी वाढले, तरी नव्या अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘दर घटला’ असं छापलंय. शिवाय हा आजार तरुणांमध्ये वाढतोय असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. मग यातलं खरं काय धरायचं?

तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मी बरीच वर्षं नोंदणीच्या आकड्यांवर काम केलंय आणि या गटाइतकं फसवं शीर्षक दुसरं पाहिलेलं नाही. स्तनाचा कर्करोग म्हटलं की निदान अवयव तरी एकच असतो. इथे ओठापासून स्वरयंत्रापर्यंत आणि नाकामागच्या पोकळीपासून लाळग्रंथीपर्यंत सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. पण पोतं सोडण्याआधी साधा हिशेब उरकून घेऊ.

समजा, सुरुवातीला लोकसंख्या एक लाख आहे. त्यात पन्नाशीच्या आतले ८० हजार, त्यांच्यात ८ रुग्ण. पन्नाशीपुढचे २० हजार, त्यांच्यात १२ रुग्ण. लाखामागे दर अनुक्रमे १० आणि ६०. वीस वर्षांनी आतले ७० हजार, रुग्ण ७. पुढचे ४० हजार, रुग्ण २०. एकूण रुग्ण २० वरून २७ झाले, म्हणजे ३५ टक्के वाढ. लोकसंख्या १ लाख १० हजार झाली, म्हणून सरसकट दर, ज्याला आम्ही क्रूड रेट म्हणतो, तो २० वरून साडेचोवीसवर गेला. आता गटागटाने बघा. धाकट्यांचा दर जागच्या जागी, १०. थोरल्यांचा ६० वरून ५० वर उतरला. धोका कुणाचाच वाढलेला नाही. वाढली ती पन्नाशी ओलांडलेल्यांची संख्या. दोन्ही काळांचे दर जुन्याच ८०-२० या प्रमाणाने तोलले तर उत्तर येतं २० वरून १८. हा वयप्रमाणित दर, नोंदणीच्या बोलीत ‘एएसआर’. अहवालाच्या पहिल्या पानावर छापला जातो तो हाच.

म्हणून रुग्णसंख्या खोटी ठरत नाही. रेडिओथेरपीची किती यंत्रं लागतील, किती खाटा लागतील, हे ठरवायचं असेल तर २७ हाच आकडा धरायचा. वयप्रमाणित दर घटला म्हणून रांग लहान होत नाही. लोकांचा धोका वाढला की घटला एवढंच विचारायचं असेल, तेव्हा एएसआर.

एएसआर बघताना तो कुठल्या प्रमाण लोकसंख्येवर काढलाय हे तळटिपेत शोधा. जगभरच्या तुलनेसाठी बहुधा सेगी या संशोधकांची १९६० सालची, पुढे डॉल या दुसऱ्या संशोधकांनी सुधारलेली जागतिक लोकसंख्या वापरतात. तिच्यात तरुण जास्त, म्हातारे कमी. युरोपची प्रमाण लोकसंख्या आधी १९७६ ची होती, २०१३ मध्ये बदलली आणि नवीत वयस्कांचं वजन बरंच वाढलं. रुग्ण तेच, दर तेच, नुसतं माप बदललं तरी एएसआर चढतो. जुना अहवाल एका मापाने आणि नवा दुसऱ्याच मापाने काढलेला असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आकडे लहान असतील तर आणखी सावध राहा. वर्षाला २० रुग्ण म्हणजे नुसत्या योगायोगाच्या हिशेबाने खरी पातळी १२ ते ३१ यांत कुठेही असू शकते. २७ असतील तर सुमारे १८ ते ३९. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणजे वरचं माझं उदाहरण एकेका वर्षाच्या आकड्यांचं असतं, तर त्यावरून कल सांगणारा मी मूर्ख ठरलो असतो. निदान पाच-पाच वर्षं एकत्र करा. लांब मालिका हाती असेल तर जॉइनपॉइंट पद्धतीने रेघ कुठे वळते ते काढतात आणि दरवर्षीचा बदल टक्क्यांत देतात. तो टक्का किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने चालतो: वर्षाला २ टक्के म्हणजे वीस वर्षांत जवळपास दीडपट.

आता पोतं.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रत्येक अवयवाला कोड असतो. त्यात सी०० ते सी१४ म्हणजे ओठ, तोंड, लाळग्रंथी आणि घसा. सी३० ते सी३२ म्हणजे नाक, सायनस आणि स्वरयंत्र. कुणी फक्त पहिला पट्टा घेतो, कुणी दोन्ही; कुणी लाळग्रंथी वगळतो. थायरॉईड मानेत असूनही बहुधा या गटात धरत नाहीत, पण धरलेले तक्तेही माझ्या हातातून गेलेत, आणि थायरॉईडचं निदान सोनोग्राफीमुळे कितीतरी देशांत फुगलेलं असल्याने तो एकटाच सगळा आलेख वर ओढतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच: या शीर्षकाखाली कोणते कोड घेतलेत?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. समजा, स्वरयंत्राचा दर लाखामागे ८ वरून ५ वर आला आणि टॉन्सिल व जिभेच्या मुळाचा २ वरून साडेचारवर गेला. बेरीज १० वरून साडेनऊ. आलेख जवळपास सपाट, मथळा ‘विशेष बदल नाही’. प्रत्यक्षात एक आजार ओसरला आणि दुसरा दुपटीच्या वर गेला. अनेक श्रीमंत देशांत गेल्या काही दशकांत साधारण असंच घडलंय. त्यामुळे माझं ठाम मत आहे की ‘डोके व मान’ असा एकत्र दर कल सांगण्यासाठी वापरूच नये. खर्चाच्या अंदाजपत्रकात तो ठीक आहे.

स्वरयंत्र हा तंबाखूच्या धुराचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. पश्चिम आणि दक्षिण युरोपात पुरुषांचं धूम्रपान उतरलं, मागोमाग स्वरयंत्राचा दरही उतरला. बायकांनी सिगारेट उशिरा धरली आणि उशिरा सोडली, म्हणून त्यांचा आलेख वेगळा चालतो. स्त्री-पुरुषांची बेरीज करून काढलेला दर हा आणखी एक लपवाछपवीचा प्रकार. हायपोफॅरिंक्स, म्हणजे घशाचा खालचा भाग, आणि तोंड यांच्या बाबतीत तंबाखूच्या जोडीला दारू येते, आणि दोन्ही मिळून धोका बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भरपूर ओढणाऱ्या आणि भरपूर पिणाऱ्यांचा धोका दोन्हींपासून दूर असणाऱ्यांच्या ३५ पटींच्या घरात निघाला. फ्रान्स आणि इटलीत दारूचं प्रमाण घसरलं तसे तोंड-घशाच्या कर्करोगाचे पुरुषांमधले मृत्यूही खाली आले; त्याच सुमारास हंगेरीत मात्र ते भयंकर चढले होते.

सुपारीचं गणित निराळं. सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, कर्करोगजन्य आहे असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला. तो खंड २००४ साली छापला गेला. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी तिथल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग झपाट्याने वाढला. पापुआ न्यू गिनी जगात तोंडाच्या कर्करोगाच्या अगदी वरच्या दरांत बसतो, तोही मुख्यतः सुपारीमुळे. अशा ठिकाणी गालाचं अस्तर आणि हिरडी यांचे कोड, सी०६.० आणि सी०३, वेगळे काढून बघा. चघळायचा पदार्थ जिथे धरून ठेवतात तिथेच गाठ उठते.

नाकामागच्या पोकळीचा, नॅसोफॅरिंक्सचा कर्करोग तर या सगळ्यांचा नातेवाईकही नाही. एपस्टाइन-बार विषाणू, आनुवंशिकता आणि लहानपणापासून खाल्लेली खारवलेली मासळी अशी त्याची कारणं. हाँगकाँगमध्ये तो कित्येक दशकं घटत आलाय. ओठाचा कर्करोग गोऱ्या कातडीच्या, उन्हात राबणाऱ्या लोकांचा. एका अर्थी तो त्वचेच्या कर्करोगांच्या पंगतीत शोभतो. हे दोन्ही बाजूला काढूनच बाकीच्यांबद्दल बोलावं.

राहिला ऑरोफॅरिंक्स, म्हणजे टॉन्सिल, जिभेचं मूळ, मऊ टाळू. खरी उलथापालथ इथेच झाली. अमेरिकेतल्या नोंदणींनी जपून ठेवलेले गाठींचे जुने तुकडे तपासले, तेव्हा १९८४ ते १९८९ मधल्या गाठींपैकी सुमारे १६ टक्क्यांत एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, सापडला आणि २००० ते २००४ मधल्या गाठींत सुमारे ७२ टक्क्यांत. १९८८ ते २००४ या काळात एचपीव्हीवाल्या गाठींचा दर २२५ टक्क्यांनी वाढला आणि विषाणूविना होणाऱ्यांचा निम्म्यावर आला. स्टॉकहोममध्ये टॉन्सिलच्या कर्करोगांत विषाणूचा वाटा १९७० च्या दशकात सुमारे २३ टक्के होता, तो २००६-०७ पर्यंत ९३ टक्क्यांवर पोचला. एकाच कोडखाली दोन आजार नांदत होते, एक जात होता आणि दुसरा येत होता. गाठीचे तुकडे कपाटात जपले नसते तर नुसत्या कोडवरून हे कधीच उमगलं नसतं. पॅथॉलॉजीच्या तळघरातल्या त्या पॅराफिनच्या ठोकळ्यांबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

मात्र ऑरोफॅरिंक्सची रेघ चढताना दिसली की लगेच ‘एचपीव्ही’ म्हणून मोकळं होऊ नका. मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. एका मालिकेत तीन वर्षांत जिभेच्या मुळाचे रुग्ण एकदम वाढलेले दिसले. मी स्लाइड तयार केली, खाली ‘विषाणूजन्य वाढीची शक्यता’ असंही लिहिलं. कोडिंग करणाऱ्या एका जुन्या सहकारी बाईंनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, “सी०२.९ बघितलंत का?” सी०२.९ म्हणजे ‘जीभ, कुठला भाग ते नमूद नाही’. बघितलं. जेवढे मुळाचे वाढले होते जवळपास तेवढेच ‘नमूद नाही’ मधून कमी झाले होते. वाढ सुरू झाली त्या वर्षी नवा कोडर, म्हणजे फाईल वाचून कोड टाकणारा, रुजू झाला होता, आणि तो फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. बायॉप्सीच्या चिठ्ठीवर फक्त ‘सीए टंग’, म्हणजे जिभेचा कर्करोग, लिहिलेलं असतं. आधीचे लोक तिथेच थांबून सी०२.९ टाकत. हा गडी पुढे जाऊन एंडोस्कोपीचा कागद काढायचा, त्यावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात ‘लेफ्ट बीओटी, व्हॅलेक्युलापर्यंत’ असं असायचं. बीओटी म्हणजे बेस ऑफ टंग, जिभेचं मूळ, कोड सी०१; व्हॅलेक्युला म्हणजे त्याच्या मागची खाच. एका माणसाच्या चिकाटीने एक साथ उभी राहिली होती. स्लाइड फाडली.

तेव्हापासून कुठलाही कल सांगण्याआधी मी तीन रकाने आधी काढतो: ‘जीभ, अनिर्दिष्ट’, ‘घसा, अनिर्दिष्ट’ म्हणजे सी१४.०, आणि फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून नोंदलेल्या रुग्णांचा टक्का, ज्याला डीसीओ म्हणतात. हे रकाने काळानुसार हलत असतील, तर आधी त्यांचा खुलासा, मग बाकीचं. डीसीओचा टक्का घसरत असेल तर नोंदणी सुधारतेय. तिच्या हाती पूर्वी न लागणारे रुग्ण आता लागत असतील, तर त्या सुधारणेचंच रूप वाढत्या दरासारखं दिसतं.

अशा खोट्या चढउतारांचे आणखी काही प्रकार आहेत. शेवटच्या एक-दोन वर्षांतली घट बहुतेकदा उशिरा पोचणाऱ्या नोंदींमुळे असते. २०२० चा खड्डा महामारीत दवाखान्यात न पोचलेल्यांचा. अमेरिकेतल्या कल-विश्लेषणात ते वर्ष वगळलंच. नवी तपासणी मोहीम सुरू झाली की पहिल्या काही वर्षांत दर उसळतो, कारण साठून राहिलेले रुग्ण एकदम सापडतात. भाजक म्हणून घेतलेली लोकसंख्या शेवटच्या जनगणनेवरून पुढे ओढलेली असते. जनगणना जितकी जुनी तितका दर कच्चा.

टप्प्यांचा कल तर २०१८ च्या आरपार जोडूच नका. त्या वर्षापासून कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी संस्थेच्या नियमांची आठवी आवृत्ती लागू झाली. टॉन्सिलची तीन सेंटिमीटरची गाठ, मानेत त्याच बाजूला तीन लहान गाठी, एचपीव्हीची खूण दाखवणारी पी-१६ तपासणी पॉझिटिव्ह, असा माणूस २०१७ मध्ये चौथ्या टप्प्यात मोडायचा. २०१८ मध्ये तोच पहिल्या टप्प्यात. यात चूक काही नाही. विषाणूवाल्या गाठी उपचारांना फार चांगल्या दबतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या विश्लेषणात तीन वर्षांनी त्यांच्यातले ८२ टक्के रुग्ण हयात होते, विषाणूविना गाठ असलेल्यांमधले ५७ टक्के. त्यामुळे नवे टप्पे रास्तच आहेत. पण ‘आता लवकर निदान होतंय’ हा निष्कर्ष त्या तक्त्यावरून काढला तर तो धादांत चुकीचा. तोंडाच्या बाबतीत उलट घडलं: गाठ किती खोल गेलीय हे मोजायला लागल्यावर काही छोट्या पण खोल गाठी वरच्या टप्प्यात सरकल्या.

मृत्युदर या कोडिंगच्या खेळापासून थोडा सुरक्षित असतो, पण त्याचा अर्थ वेगळा. विषाणूवाल्या गाठींचा वाटा वाढला की कुठलाही उपचार न सुधारता एकूण जगण्याचं प्रमाण सुधारलेलं दिसतं. आमच्याच क्षेत्रातल्या काही भाषणांत त्याचं श्रेय नव्या औषधांना दिलेलं ऐकलंय. ऐकून गप्प बसायला जड जातं.

तरुणांबद्दल. ‘तरुण’ म्हणजे कोण, हे आधी विचारा. कुठे ४० च्या आतले, कुठे ४५, कुठे ५० च्या आतले. पन्नाशीच्या आतला दर एक आकडा म्हणून देतात तेव्हा त्यातले बहुतेक रुग्ण चाळिशी ओलांडलेले असतात. तरीही एक गोष्ट खरी दिसते: बऱ्याच देशांत कधीही तंबाखू न घेतलेल्या तरुण माणसांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, जिभेच्या पुढच्या भागाचा कर्करोग वाढलाय. हा एचपीव्हीचा प्रकार नाही, आणि त्याचं समाधानकारक कारण अजून हाती आलेलं नाही. ऑरोफॅरिंक्सची वाढ मात्र मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांची. अमेरिकेत २०१५ पर्यंत पुरुषांमधले एचपीव्हीजन्य घशाचे कर्करोग संख्येने गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुढे गेलेले होते. बातमीत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, विशीतल्या पोरांवर संकट आलंय.

हे तपासायची एक साधी युक्ती सांगतो, त्याला संगणक लागत नाही. वयोगट आडव्या ओळींत, पाच-पाच वर्षांचे कालखंड उभ्या रकान्यांत, असा तक्ता कागदावर मांडा. पेन्सिलने तिरकी रेघ ओढा: २००० मध्ये चाळिशीतले, २०१० मध्ये पन्नाशीतले, २०२० मध्ये साठीतले. ही तीच माणसं, १९६० च्या आसपास जन्मलेली. वाढ उभ्या रकान्यात सगळ्या वयांना एकदम दिसली, तर संशय नोंदणीवर किंवा तपासणीवर घ्या. तिरक्या रेघेवर चालत आली तर ती पिढी आपल्यासोबत काहीतरी घेऊन आलीय: सवय, विषाणू. वय, काळ आणि जन्मपिढी हे तिन्ही परिणाम गणिताने पूर्ण सुटे करता येत नाहीत, कारण काळातून वय वजा केलं की जन्मसाल मिळतं आणि तिसऱ्याला स्वतंत्र जागाच उरत नाही. म्हणून वयाचा परिणाम, काळाचा परिणाम असे सुटे टक्के कुणी बिनशर्त मांडले की मी त्यांची गृहीतकं विचारतो. पेन्सिलची रेघ तेवढा आव तरी आणत नाही.

कारण आणि आलेख यांत अंतर किती, हे शेवटी लक्षात घ्यावं लागतं. व्यक्तीपुरतं बोलायचं तर धूम्रपान सोडण्याचा लाभ लवकर दिसतो: सोडल्यावर १ ते ४ वर्षांतच धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला आढळतो आणि २० वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीजवळ येतो. लोकसंख्येचा दर मात्र सोडणारे, चालू ठेवणारे आणि नव्याने धरणारे या सगळ्यांची सरासरी असतो, म्हणून तो दशकांच्या गतीने हलतो. एचपीव्ही लसीचं तर त्याहून लांबचं काम. लस २००६ साली बाजारात आली. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना आणि २०१३ मध्ये मुलग्यांना सरकारी कार्यक्रमात ती देणं सुरू केलं. लस घेतलेल्या तरुणांच्या तोंडात लसीतल्या प्रकारांचा संसर्ग सुमारे ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असं अमेरिकेतली पाहणी सांगते. पण २०१३ मध्ये तेरा वर्षांचा असलेला मुलगा पंचावन्नचा होईल २०५५ मध्ये, आणि हा कर्करोग साधारण त्या वयात गाठतो. तोवर टॉन्सिलची रेघ वर जात राहिली तर त्यावरून लस फुकट गेली असं ठरवता येणार नाही. तुमच्या दोन अहवालांत लसीचा परिणाम शोधायचाच नाही. त्यांत शोधायचं ते वडिलांच्या पिढीचं धूम्रपान, आणि त्या कोडरने फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली होती का.